टाकीचा तळ

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एंजिनाला जो मान दिला तो इंधनाच्या टाकीला कधी दिला नाही, आणि यात फारसे आश्चर्यही नाही. कारण एंजिनामागे शास्त्रज्ञांची नावे, एकस्वांचे दस्तऐवज आणि मोठमोठ्या कारखान्यांची प्रतिष्ठा उभी असते, तर टाकी म्हणजे पत्र्याचे दोन खोलगट तुकडे काठाशी जोडून केलेले एक मुके पात्र. तथापि जुन्या डिझेल गाडीच्या बाबतीत मला असे सतत वाटत आले आहे की, तिच्या कोणत्याही भागापेक्षा टाकीनेच आपल्या काळाची नोंद अधिक प्रामाणिकपणे ठेवली आहे. पावसाळ्याची हवा, इंधनविक्रीतला खरेखोटेपणा, सरकारचे दरपत्रक आणि मालकाची ऐपत या चारही गोष्टी टाकीच्या तोंडातून आत शिरतात आणि गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. तो गाळ उपसून टाकी पुन्हा निर्मळ करण्याचे एक स्वतंत्र कसब महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्या नांदले. त्याचा वृत्तांत कोणत्याही दप्तरात सापडत नाही, म्हणून तो येथे मांडावयाचा आहे.

आरंभी डिझेल एंजिनाला इंधनाच्या शुद्धतेची इतकी निकड नव्हती. रुडॉल्फ डिझेल याला १८९३ साली एकस्व मिळाले, आउग्सबुर्ग येथील त्याचे एंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले, आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याच्या पद्धतीचे एक लहान एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. ही एंजिने अवजड, मंदगती आणि एका जागी बसून काम करणारी होती. त्यांत दाबाच्या हवेच्या झोताने इंधन आत फवारले जाई. हे यंत्र गाडीत बसण्याजोगे झाले ते बॉश कंपनीने १९२७ साली इंधन-पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यानंतर, आणि त्याच पंपाच्या बळावर १९३६ साली मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार बाजारात आली. या पंपाच्या पोटात एक दट्ट्या आणि त्याची नळी अशी जोडी असते, आणि त्या दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांहून अधिक नसते. तिला वंगण मिळते ते केवळ त्यातून वाहणाऱ्या डिझेलचे. त्यामुळे पाण्याचा एक थेंब किंवा गंजाचा एक कण या जोडीला कायमचा ओरखडा पाडू शकतो. ज्या दिवशी हा पंप गाडीत आला, त्याच दिवशी टाकी स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्यही गाडीबरोबर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे हे कर्तव्य मोटारीच्या आधी शेतात शिकले गेले. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल एंजिने तयार होऊ लागली. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली. आणि कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींसारख्या, शाळेपेक्षा भात्याजवळ अधिक शिकलेल्या यंत्रज्ञांच्या परंपरेतून उद्यमनगरची कारखानदारी उभी राहिली. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी उसाला पाणी उचलणाऱ्या या एंजिनांची टाकी एंजिनाच्या वर बसविलेली असे आणि डिझेल स्वतःच्या भाराने खाली उतरे. सांभाळून वागणारा शेतकरी टाकीत डिझेल ओतताना तोंडावर धोतराचे दुहेरी फडके धरी, आणि एंजिन सुरू करण्यापूर्वी तळची चावी क्षणभर उघडून रात्रभरात खाली बसलेले पाणी मातीत सोडून देई. पुढे मोटारींच्या कारखान्यांनी छापलेल्या पुस्तिकांत जे नियम आले, त्यांतील बहुतेक या मळ्यांतून आधीच रूढ झाले होते.

डिझेलची प्रवासी मोटार मात्र आपल्या रस्त्यांवर उशिरा आली. १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी स्थापन झाली आणि पुढे इंधन-पंप देशात होऊ लागले. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या मालमोटारी धावू लागल्या. परंतु डिझेलची अँबॅसडर आली ती १९८०च्या सुमारास, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची, इटालियन बनावटीच्या एंजिनाची १३७ डी ही त्याहून पुष्कळ नंतर. डिझेल अँबॅसडरच्याच सुमारास डिझेल जीप तहसील कचेरीपासून साखर कारखान्यापर्यंत सर्वत्र दिसू लागली, आणि १९९४ साली टाटांची सुमो आल्यावर तर डिझेल गाडी हे ग्रामीण प्रतिष्ठेचे चिन्हच झाले. या ओढीचे कारण एकच होते: सरकारने ठरविलेल्या दरांत डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होते. आणि डिझेलपेक्षाही स्वस्त होते ते शिधापत्रिकेवरचे रॉकेल. टाकीच्या तळाशी जमणाऱ्या गाळाचा अर्धा इतिहास या दोन वाक्यांत आहे.

उरलेला अर्धा पावसाने लिहिला. टाकीला हवा जाण्यासाठी एक बारीक वाट ठेवावीच लागते, नाहीतर इंधन ओढले जाताना आत निर्वात स्थिती निर्माण होईल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात ही हवा बाष्पाने जड झालेली असते, आणि रात्री पत्रा निवला की रिकाम्या भागाच्या भिंतींवर तिचे दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते ओघळून तळाशी जाते आणि पत्र्यावरील शिसे-कथिलाचा मुलामा जेथे उडाला असेल तेथे गंजाला आरंभ होतो. टाकी जितकी रिकामी, तितके दव अधिक. ज्याच्याकडे पैसे असत तो संध्याकाळी टाकी भरून गाडी उभी करी. भाड्याने गाडी चालविणारा चालक मात्र दिवसाच्या कमाईतून पाच लिटर घेई, ते संपवी आणि रिकामी टाकी घेऊन झोपे. गरिबाच्या टाकीत पाणी अधिक साठे ते या कारणाने, त्याच्या हयगयीने नव्हे. गॅरेजांतून चालकांवर निष्काळजीपणाचा जो ठपका सर्रास ठेवला जात असे, तो मला नेहमीच अन्यायाचा वाटला आहे.

पाणी आणि डिझेल यांच्या सीमारेषेवर आणखी एक गोष्ट घडते. तेथे एक बुरशी वाढते, जी पाण्यात राहते आणि तेलावर जगते. जेट विमानांच्या पंखांतील टाक्यांत तिने १९५०-६०च्या सुमारास शास्त्रज्ञांना हैराण केले होते. तिची काळी, बुळबुळीत साय जाळीवर बसते, आणि तिच्यातून निघणारे आम्ल पत्रा खाते. आपल्या मिस्त्रींना या सूक्ष्म जीवाचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते. परंतु टाकीचे झाकण उघडताच येणाऱ्या कुबट, आंबूस वासावरून ते तो ओळखत आणि ‘टाकी सडली’ असे एवढेच म्हणत.

या मिस्त्रींचे रोगनिदान ऐकण्यासारखे असे. ते प्रथम एंजिनाला हात लावीत नसत. ‘सपाटीला बरी चालते आणि घाटात दम टाकते का? दहा मिनिटे उभी केली की पुन्हा आपोआप सुरू होते का?’ हे दोन प्रश्न ते विचारीत, आणि दोहोंचे उत्तर होकारार्थी आले की दोष टाकीत आहे हे निम्मे सिद्ध होई. घाटात एंजिनाची मागणी वाढते, ओढ वाढते, आणि तळचा गाळ शोषनळीच्या जाळीवर जाऊन चिकटतो. गाडी थांबली की ओढ संपते आणि गाळ पुन्हा खाली पडतो. संशयाची खात्री करून घेण्याची हिकमत याहूनही सोपी होती. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्या जागी स्वच्छ डिझेलचा एक कॅन लावायचा, परतीच्या नळीचे तोंडही त्याच कॅनमध्ये सोडायचे आणि गाडी चढावर नेऊन आणायची. ती बिनतक्रार चढली तर पंप निर्दोष ठरला. अनेक मालकांचा पंपाचा अवाढव्य खर्च या एका कॅनने वाचविला आहे.

टाकी उतरविण्याचे काम मी कोल्हापुरात एका वृद्ध मिस्त्रीच्या अंगणात जवळून पाहिले आहे. त्यांनी आधी तळाचा नट सोडून जे आले ते काचेच्या बरणीत धरले आणि ती बरणी सावलीत ठेवून दिली. काही वेळाने तीत तीन थर स्पष्ट झाले, वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि दोहोंच्या मध्ये काळ्या सायीचा एक पट्टा. ती बरणी त्यांनी मालकापुढे ठेवली, आणि मग ‘किती लागतील’ या प्रश्नावर घासाघीस झाली नाही. टाकी खाली उतरल्यावर काट्याचा तरंगता गोळा बाहेर काढून, विजेरीच्या उजेडात आतली भिंत तपासण्यात आली. काडी किंवा चिमणी जवळपास आणण्याची कोणालाही मुभा नव्हती. प्रथम थोड्या डिझेलने, नंतर कॉस्टिकच्या गरम पाण्याने टाकी विसळली गेली. मग आत एक बारीक साखळी मोजून सोडली आणि दोघांनी टाकी दोन्ही टोकांना धरून, कुशीवर आणि पाठीवर फिरवीत, बराच वेळ हलविली. खडी टाकली तर कोपऱ्यात एखादा खडा राहून जातो, साखळी मात्र एका टोकाला धरून सबंध बाहेर येते, हे त्यांनी न विचारता सांगितले. विसळलेले पाणी नितळ येईपर्यंत हा क्रम चालला, आणि शेवटी टाकी उन्हात तोंड खाली करून वाळत ठेवली गेली.

टाकीला छिद्र असेल तर ती रेडिएटरवाल्याकडे जाई, आणि येथे हा व्यवसाय एका फार जुन्या व्यवसायाला येऊन मिळतो. रेडिएटरवाल्यांच्या कामाची रीत कल्हईवाल्यांच्या आणि रॉकेलच्या डब्यांपासून चिमण्या, नरसाळी, मापे करणाऱ्या पत्र्याच्या कारागिरांच्या जातकुळीतली. नवसागर, कथिल आणि डाख लावण्याची तापलेली कावी ही त्यांची साधने मोटारीपेक्षा पुष्कळ आधीची. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते हे ते जाणत, म्हणून डाख लावण्यापूर्वी छिद्राच्या पातळीपर्यंत टाकी पाण्याने भरून घेत. ही दक्षता ज्याने टाळली त्याच्या अंगावर टाकी फुटल्याच्या कथा प्रत्येक गावच्या गॅरेजात नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितल्या जात.

टाकी पुन्हा चढविल्यावर काम संपले असे समजणारा कारागीर कच्चा मानला जाई. नळ्यांतून हवेचा झोत सोडून त्या साफ करावयाच्या, कापडी आणि कागदी दोन्ही फिल्टर बदलावयाचे, ताजे डिझेल गाळून भरावयाचे, आणि मग ‘एअर काढावयाची’. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळायचा, तेच पंपावर, आणि शेवटी नोझलच्या नटांवर, एंजिन फिरवीत. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, आणि हे एवढ्या धीराने करणे प्रत्येकाला साधत नसे.

भेसळीविषयी लिहिल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. शिधावाटपाचे रॉकेल ओळखता यावे म्हणून त्याला निळा रंग दिला जाई, तरीही ते डिझेलमध्ये मिसळले जात राहिले, कारण दरांतील अंतर मोठे होते. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, त्यात वंगणाचा अंश कमी. त्यामुळे पंपाची ती नाजूक जोडी कोरडी घासून झिजते. शिवाय ते ज्या डब्यांतून आणि पिंपांतून हिंडून येई त्यांतली धूळ आणि पाणी टाकीत येऊन पडे. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी तर डिझेलशी संयोग पावून चिकट द्रव्य निर्माण करीत, आणि रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडे बहुधा तीच बादली असे. पुरवठा खात्याने नमुने घ्यावेत, पंचनामे करावेत, मोहोरा लावाव्यात, आणि चार दिवसांनी व्यवहार पूर्ववत सुरू व्हावा, असे अनेक ठिकाणी चालले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे, तेलकंपन्यांच्या साठवण-आगारांच्या परिसरात, भेसळीचा प्रकार तपासावयास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या रॉकेलच्या अंशाला आपण गॅरेजात ‘कचरा’ म्हणून बाजूला सारीत होतो, त्यामागे किती निर्दय सत्ता उभी होती, हे त्या दिवशी सर्व महाराष्ट्राला कळले. भेसळ ही दोन-चार लबाड विक्रेत्यांची किरकोळ करामत आहे, असे त्यानंतर तरी कोणी म्हणू नये.

एप्रिल २००२ मध्ये इंधनाची नियंत्रित दरपद्धती कागदोपत्री संपली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर प्रत्यक्ष खुले झाले. नव्या गाड्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, त्यामुळे त्यांना गंज नाही; फिल्टरमध्ये पाणी आले की फलकावर दिवा लागतो; आणि मुंबईच्या टॅक्सी तर न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीकडे वळल्या. साखळी घालून टाकी हलविणारे हात कमी झाले, परंतु काम नाहीसे झाले नाही. महिनोन्महिने न चालता उभ्या राहणाऱ्या रुग्णालयांच्या आणि गृहसंस्थांच्या जनरेटरांत, आणि ससून गोदीपासून मिरकरवाड्यापर्यंतच्या मच्छीमार बोटींत, तेच दव, तीच बुरशी आणि तोच काळा पट्टा आहे. जुनी अँबॅसडर किंवा जीप जिव्हाळ्याने सांभाळणारे हौशी मालकही आता अशा मिस्त्रीचा पत्ता एकमेकांना विचारू लागले आहेत. डिझेलमध्ये जैविक तेल मिसळण्याचे धोरण जसजसे वाढेल तसतसे हे काम वाढण्याचाच संभव अधिक आहे. कारण असे मिश्रण शुद्ध डिझेलपेक्षा पाणी अधिक धरून ठेवते.