अंगण, सेविका आणि मानधन

'अंगणवाडी' हा शब्द आज देशभरच्या सरकारी कागदांवर आढळतो. तो कोठून आला याची आठवण मात्र मराठीच्या वर्गातही क्वचितच निघते. 1945 साली ताराबाई मोडक शहरातले काम मागे ठेवून ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला केलेला माँटेसरी पद्धतीचा अभ्यास ताराबाईंच्या गाठीशी होता. बोर्डीत बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या दारात नेली. अंगण झाडायचे, मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी-गोष्टी सुरू करायच्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांमागे शाळा कुरणात गेली आणि तिला 'कुरणशाळा' हे नाव मिळाले.

'वाडी' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : झाडे-फुलांची बाग आणि छोटी वस्ती. बालवाडीतली वाडी पहिल्या अर्थाची. पेण-रोह्याच्या मुलखात मात्र हा शब्द उच्चारला की दुसरा अर्थ आधी जागा होतो. पेणची रामवाडी घ्या, किंवा डोंगरपायथ्याच्या कातकरी वाड्या घ्या. पावसाळा सरला की यातल्या कितीतरी कातकरी कुटुंबांना वीटभट्ट्यांची वाट धरावी लागते, आणि मूल आईबापांबरोबर भट्टीवर जाते. नाव एका गावच्या पटावर आणि मूल दुसऱ्याच गावच्या धुळीत, अशा स्थितीत मूल जिथे असेल तिथे जावे हे ताराबाईंचे सूत्र किती अवघड आहे, ते या भागात चांगलेच कळते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्यासाठी अंगणवाडी हे नाव घेतले गेले, आणि नावाबरोबर अंगणही घेतले गेले. इमारत नसेल तिथे भाड्याची खोली, समाजमंदिर, नाहीतर सेविकेचेच घर. तिच्याच पडवीत पोषण आहार शिजायचा, तिच्याच सतरंजीवर मुले बसायची. मॅट्रिक झालेल्या सेविकेला त्या वेळी महिन्याला 150 रुपये ठरले, न झालेलीला 100 आणि मदतनिसाला 35. या रकमेला 'मानधन' म्हटले गेले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे, असे आम्हांला वाटते. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, दिवाळी अंकातल्या लेखकाला आपण मानधन देतो. त्यात गृहीत असते की, या माणसाचा चरितार्थ दुसरीकडे चालतो आणि आपण त्याचा केवळ मान राखतो. रोज सकाळी पट मांडणाऱ्या, वजने घेणाऱ्या, गरोदर बायांच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि शिवाय सर्वेक्षणांना जुंपल्या जाणाऱ्या बाईला हा शब्द लावला की तिचे श्रम घरकामासारखे अदृश्य होतात. 'सेविका' हा शब्दही तसाच. बोर्डीत तो त्यागाने आला होता, शासननिर्णयात तो काटकसरीने आला.

न्यायालयाची भाषाही बराच काळ याच वाटेने गेली. डिसेंबर 2006 मध्ये कर्नाटकाच्या अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ही पदे राज्याची नागरी सेवापदे नाहीत. गंमत अशी की त्याच महिन्यात अन्नहक्काच्या खटल्यात त्याच न्यायालयाने अंगणवाड्यांची संख्या 14 लाखांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. जिथे सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीला ती मागण्याचा हक्क मिळाला. मुलाचा हक्क मान्य झाला. तो हक्क ज्या हातांनी पोहोचायचा त्या हातांचा मात्र झाला नाही.

महाराष्ट्रातल्या सेविकांनी ही विसंगती रस्त्यावर आणली. सप्टेंबर 2017 मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनिसांनी मानधनवाढीसाठी संप पुकारला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यानंतर मार्च 2018 मध्ये सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे 'मेस्मा' लावला. वेतनाचा प्रश्न आला की कर्मचारी नाही आणि संपाचा प्रश्न आला की सेवा अत्यावश्यक! विधिमंडळात गदारोळ झाला, सत्तेतला भागीदार पक्षही विरोधात गेला आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. सरकारी तर्काचे इतके उघडे दर्शन क्वचितच घडते.

2021 साली भांडण भाषेवर आले. नोंदी भरण्यासाठी दिलेले मोबाईल वारंवार बिघडत आणि त्यांवरच्या 'पोषण ट्रॅकर'मध्ये मराठीची सोय नव्हती. सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मराठीच्या नावाने परिसंवाद भरवणाऱ्या आपल्यापैकी कितींनी त्याची दखल घेतली? या बाया भाषेच्या अभिमानासाठी भांडत नव्हत्या. मुलाचे वजन चुकीच्या रकान्यात पडू नये आणि त्या चुकीचा दोष आपल्यावर येऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मराठीची याहून ठोस बाजू आम्हांला तरी अलीकडे कुणी मांडलेली आठवत नाही.

25 एप्रिल 2022 रोजी गुजरातेतल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी सेविका व मदतनिसांना 1972 च्या उपदान कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. मानधन या नावाखाली मिळणारी रक्कम त्या कायद्यापुरते वेतनच ठरली. सत्तेचाळीस वर्षे लागली या एका शब्दाला. तरी तो निकाल प्रत्यक्षात उतरावा म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांना 4 डिसेंबर 2023 पासून पुन्हा संपावर जावे लागले. मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी ही त्यांची ठळक मागणी होती. जानेवारी 2024 च्या अखेरीस, पन्नासहून अधिक दिवसांनी, त्या कामावर परतल्या आणि बंद पडलेल्या अंगणवाड्यांतले पट पुन्हा मांडले गेले.