मोडेमची आज्ञावली आणि नागपूरची एसटीडी लाइन

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभ मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून झाला. नागपूर त्या यादीत नव्हते. नागपूरकराला या जाळ्यात शिरायचे असेल, तर ०२२ लावून आठशेहून अधिक किलोमीटरांवरील मुंबईचा क्रमांक फिरवणे हा सरळ मार्ग होता. तो क्रमांक फिरवी मोडेम, आणि मोडेमला रीतिरिवाज ठाऊक होते ते अमेरिकेतील टेलिफोनचे. त्या रीतिरिवाजांची आणि आपल्या लाइनची गाठ कशी पडली, याचा हा धागा.

प्रथम ही भाषा आली कुठून ते पाहू. १९८१ मध्ये डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी अटलांटा येथे ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला. तोवर बहुतेकांना क्रमांक हाताने फिरवावा लागे. स्मार्टमोडेमला संगणकच आज्ञा देऊ लागला. प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘एटी’ ही दोन अक्षरे, म्हणजे ‘लक्ष द्या’. ही केवळ हाक नव्हती. त्या दोन अक्षरांच्या स्पंदनांवरून संगणक कोणत्या वेगाने बोलतो आहे, हे मोडेम ओळखून घेई.

अडचण अशी की आज्ञा आणि मजकूर एकाच तारेतून जात. जोडणी झाल्यावर आलेली अक्षरे पलीकडे पाठवायची की आज्ञा समजायची? हेदरिंग्टन यांची युक्ती : एक सेकंद शांतता, मग अधिकचे चिन्ह तीनदा, पुन्हा एक सेकंद शांतता. एवढे झाले की मोडेम जोडणी न तोडता आज्ञा ऐकू लागे. मजकुरात ती तीन चिन्हे सहज येऊ शकतात. दोन्ही बाजूंना मौन असणे मात्र दुर्मीळ. या मौनाचे अमेरिकेत पेटंट घेतले गेले, आणि स्पर्धक कंपन्यांशी त्यावरून कज्जे झाले.

भारतात मोडेम १९९५ च्या आधीच पोहोचला होता. मुंबईत जुहूच्या ‘एनसीएसटी’ या संस्थेत श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली १९८६-८७ च्या सुमारास पवईच्या आयआयटीशी डायल-अप ईमेल सुरू झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभीच्या आठ संस्थांत पाच आयआयटी होत्या, बंगळूरची विज्ञान संस्था होती. नागपूरची एकही नव्हती. विदर्भाच्या वाट्याला हा अनुभव आला तो पुढे, आणि बहुतांशी घरच्या फोनवरून.

आता गाठ पडते ती डायलटोनशी. अमेरिकेतील डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन स्वरांचा, सलग. भारतातील ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. माणसाच्या कानाला दोन्ही ‘टोन आला’ एवढेच सांगतात. परदेशी मापाच्या मोडेमला मात्र तो टोन वाटेलच असे नाही. रिसीव्हर कानाला लावला तर लाइन जिवंत, आणि पडद्यावर ‘नो डायलटोन’! यावर उपाय ‘एटीएक्स३’ : टोनची वाट पाहू नकोस, थेट क्रमांक लाव, फक्त एंगेज तेवढे ओळख.

दुसरा प्रश्न एक्स्चेंजचा. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजला बटणांचे स्वर कळत नसत, तबकडीचे ठोके कळत. तेथे ‘एटीडीटी’ व्यर्थ, ‘एटीडीपी’ हवे. ठोके सेकंदाला दहा, आणि शून्यासाठी पूर्ण दहा ठोके. म्हणजे एसटीडीचे पहिले शून्यच एक सेकंद खाई. स्वरांनी तेच काम सेकंदाच्या दहाव्या भागात होई. पुढचा मार्ग मोकळा होईपर्यंत थांबायचे असेल तर क्रमांकात स्वल्पविराम घालायचा. प्रत्येक स्वल्पविरामाचे दोन सेकंद. विरामचिन्हाचा इतका शब्दशः उपयोग अन्यत्र क्वचितच झाला असेल.

खरी कसोटी प्रतीक्षेची. क्रमांक फिरवून झाल्यावर पलीकडचा स्वर किती वेळ ऐकत राहायचा, हे मोडेमच्या ‘एस७’ या कप्प्यात लिहिलेले असे. पुढच्या काळातील बहुतेक मोडेममध्ये ते ५० सेकंद होते. एसटीडीचा मार्ग जुळण्यात वेळ गेला, की पलीकडे घंटा वाजून हस्तांदोलन पूर्ण होण्याआधीच मोडेम ‘नो कॅरिअर’ म्हणून फोन ठेवी. ‘एटीएस७=९०’ लिहिणारा मोडेमला केवळ धीर धरायला सांगत असे.

हस्तांदोलन म्हणजे ती सुप्रसिद्ध किंचाळी. पलीकडचा मोडेम प्रथम २१०० हर्ट्झचा स्वर काढी. लांब पल्ल्याच्या मार्गावरील प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा त्याने बाजूला होई. मग दोघे लाइन तपासून वेग ठरवीत. पण पलीकडून फोन उचलला गेला त्या क्षणी एसटीडीचे मीटर सुरू झालेले असे. वेग जमला नाही, जोडणी मोडली, तरी ते पैसे गेलेच. म्हणून रात्री उशिराच्या पाव दराची वाट पाहिली जाई.

आणि मुंबईचा क्रमांक एंगेज असला तर? पहिल्या सहा महिन्यांत सेवेचे सुमारे दहा हजार ग्राहक झाले. आरंभीच्या त्रुटी निगमाचे तत्कालीन प्रमुख ब्रिजेंद्र सिंगल यांनी जाहीरपणे मान्य केल्या. हेजच्या भाषेत मागची आज्ञा पुन्हा देण्यासाठी ‘ए’ आणि एक तिरपी रेघ पुरे. विंडोज ९५ मध्ये किती वेळा पुन्हा डायल करावे हेही ठरवता येई. ट्रंक कॉलच्या काळात ही चिकाटी ऑपरेटरची असे : ‘अर्जंट’ नोंदवायचा आणि घंटेची वाट पाहायची. आता ती यंत्राकडे गेली, आणि यंत्र थकत नाही. युरोपातील अनेक देशांनी म्हणूनच बंधन घातले : काही प्रयत्न फसले की मोडेमने थांबावे, पुढे तो क्रमांक काळ्या यादीत टाकावा. एक्स्चेंजवरचा भार हे एक कारण. चुकीचा क्रमांक लागला तर मध्यरात्री वारंवार उठणारा अनोळखी गृहस्थ हे दुसरे.

जोडणी टिकवणे हे निराळेच. घरातील दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला, की स्वर तुटे. तो किती काळ तुटलेला सोसायचा, हे ‘एस१०’ मध्ये. नेहमीचे मूल्य १.४ सेकंद. ते वाढवून ‘अरे, नेट चालू आहे!’ अशी ओरड होईपर्यंतची सवड मिळवता येई, पण रिसीव्हर लगेच ठेवला तरच.

नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने निगमाची मक्तेदारी संपवून खाजगी सेवादारांना वाट दिली. ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएल अस्तित्वात आले आणि त्याच्या ‘संचारनेट’साठी १७२२३३ हा क्रमांक लोकांना पाठ झाला. त्यात ०२२ नव्हते, एसटीडीचे मीटर नव्हते, स्वल्पविरामही नको होता. ‘एटी’ मात्र तशीच राहिली. मोबाइलच्या डेटा कार्डाला जोडणी करायला सांगणारी आज्ञाही याच दोन अक्षरांनी सुरू होत असे.