पोत्यावरून दाण्याचे वजन

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत धान आणि तराजू मिळणे अवघड नाही. धानाचा एक दाणा पारड्यात टाकला तर काटा हलत नाही. पण ओंजळभर धान तोलून दाणे मोजले आणि भागाकार केला, की एका दाण्याचे सरासरी वजन हाती येते. आता समजा, पोत्यातील दाण्यांची संख्या ठाऊक आहे आणि पोते शंभर किलोंपेक्षा जड नाही एवढेच माहीत आहे. तरीसुद्धा एक दाणा सरासरी जास्तीत जास्त किती जड असू शकेल, हे आपण ठामपणे सांगू शकतो.

१९७२ साली हाच हिशेब सबंध विश्वाला लावण्यात आला. तो मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते रामनाथ कौशिक. त्यांचा जन्म भंडाऱ्याशेजारच्या नागपूरचा, १९४० सालचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी वैश्विक किरणांवर संशोधन केले होते. १९७२ मध्ये ते अमेरिकेत बर्कली येथे होते आणि त्यांचे सहकारी होते मॅक्लेलंड.

या हिशेबातील दाणा म्हणजे न्यूट्रिनो. पाउली यांनी १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये तो प्रयोगात सापडला. तो पदार्थातून जवळजवळ न अडखळता आरपार जातो. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवर टिपले गेले. त्या प्रयोगात टाटा संस्थेबरोबर ओसाका व डरहॅम विद्यापीठे होती. मात्र न्यूट्रिनोला वस्तुमान आहे की नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

महास्फोटाच्या सिद्धांतानुसार त्या वेळचे न्यूट्रिनो आजही सर्वत्र पसरलेले आहेत. तिन्ही प्रकार धरले तर प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ३४०. ही झाली दाण्यांची संख्या. पोत्याचे वजन कळते ते विश्वाच्या प्रसरणावरून. विश्वातील द्रव्य फार जास्त असते, तर गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण आढळते त्यापेक्षा कितीतरी अधिक मंदावले असते. अशा विचारातून गर्श्टाइन व झेल्डोविच यांनी १९६६ मध्येच एक मर्यादा काढली होती. कौशिक व मॅक्लेलंड यांनी ती बरीच खाली आणली : न्यूट्रिनोचे वस्तुमान ८ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सुमारे चौसष्ट हजाराव्या भागाइतके! म्यूऑन-न्यूट्रिनोबाबत प्रयोगशाळेतील मर्यादा त्या काळी याहून हजारो पटींनी सैल होती.

पुढच्याच वर्षी दोघांनी प्रश्न उलटा केला. अरुंधती केश तारकासमूहातील दीर्घिकांच्या गुच्छात दीर्घिका फार वेगाने फिरतात, असे झ्विकी यांना १९३३ मध्ये दिसले होते. गोफणीतला दगड जितका वेगाने फिरवावा, तितकी दोरी बळकट लागते. येथे दोरी गुरुत्वाकर्षणाची. पण दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण अपुरे पडत होते. मग न दिसणारे द्रव्य कोणते? न्यूट्रिनोला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमान असेल तर ते न्यूट्रिनोच असतील, असे कौशिक व मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये सुचवले. कृष्णद्रव्य एखाद्या मूलकणाचे बनलेले असावे, हा आज रुळलेला विचार तेव्हा अगदी नवा होता.

१९८० मध्ये मॉस्कोच्या एका गटाने न्यूट्रिनोचे वस्तुमान सुमारे ३० इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याचे जाहीर केले, तेव्हा या सूचनेला जोर चढला. पण इतर प्रयोगांत तो आकडा टिकला नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. हलके न्यूट्रिनो आरंभी इतके वेगवान असतात, की लहान आकाराचे पुंजके बनूच शकत नाहीत. १९८३ मध्ये व्हाइट, फ्रेंक व डेव्हिस यांनी संगणकावर असे विश्व रचून पाहिले. आकाशातील दीर्घिकांच्या मांडणीशी ते जुळले नाही. कृष्णद्रव्याचे कण संथ असले पाहिजेत, हे मत मग दृढ झाले.

न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, हे १९९८ मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगातून सिद्ध झाले. पण ते फारच थोडे आहे. विश्वात साधे द्रव्य सुमारे ५ टक्के व कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के मानले जाते. त्यात न्यूट्रिनोंचा वाटा एक टक्काही भरत नाही. उरलेले कृष्णद्रव्य कशाचे, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

म्हणजे १९७३ ची सूचना मागे पडली. १९७२ चा हिशेब मात्र चालू राहिला. जर्मनीतील काट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टची वरची मर्यादा दिली. प्लांक उपग्रहाच्या व इतर निरीक्षणांवरून, प्रचलित विश्वप्रतिमान गृहीत धरून, २०१८ मध्ये तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज ०.१२ पेक्षा कमी ठरली होती. आकाश अजूनही प्रयोगशाळेपेक्षा बारीक तोलते आहे. वर्गात धान तोलून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे : दाणे तितकेच, पण पोते आपण समजत होतो त्याहून हलके निघाले, तर दाण्याबद्दल आपण काय म्हणू?