वॉकर वाघ आणि नकाशावरची रेघ

आजचा इतिहास राजाचा नाही, वाघाचा. कागदोपत्री नाव टी-१ सी-१, लोकांसाठी ‘वॉकर’. फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. तुमचा फोन रस्ता दाखवतो ना, तेच जीपीएस. जूनमध्ये गडी निघाला. तेलंगणात शिरला, परत फिरला, शेतं, नाले, हायवे ओलांडत डिसेंबरात आपल्या बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे १,३०० किलोमीटर! चालणं बहुतेक रात्रीचं, त्यामुळे कित्येक गावांना पत्ताच नाही.

पोरांना वाघाचा फोटो दाखवा, ‘भारी!’ म्हणतील आणि पुढचा व्हिडिओ लावतील. मी कॉलरच्या ठिपक्यांची ती रेघ मोबाइलवर मोठी करून दाखवतो. मग प्रश्न येतो, "आमच्या वावरातून गेला का?" मला हाच प्रश्न हवा असतो. अभयारण्याच्या पाटीपाशी जंगल संपत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्ञानगंगात त्याला शिकार मिळाली, वाघीण मात्र नाही. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली. त्यानंतर तो कुठून गेला, हे सांगायला उरले फक्त कॅमेरा ट्रॅप आणि मातीतले ठसे.