अकारविल्हे आणि ओवीचा शोध

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सुमारे नऊ हजार ओव्यांतून हवी ती ओवी कशी शोधावी? अध्याय व क्रमांक ठाऊक असेल तर प्रश्नच नाही. ग्रंथ त्याच क्रमाने लावलेला आहे. केवळ एखादा शब्द आठवत असेल, तर मात्र पहिल्या ओवीपासून वाचत जाण्यावाचून गत्यंतर नाही. संगणकशास्त्रात याला रेषीय शोध म्हणतात.

मोल्सवर्थच्या कोशाची गोष्ट वेगळी. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, पण ते अकारविल्हे. कोश मधोमध उघडावा, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहावे, उरलेला अर्धा भाग सोडून द्यावा. फार तर सोळा वेळांत शब्द सापडतो. जॉन मॉकली यांनी १९४६ मध्ये संगणकासाठी मांडलेला द्विभाजन शोध तो हाच. (कोश चाळणाऱ्या हातांना तो आधीच अवगत होता!)

मग ज्ञानेश्वरीचीही शब्दसूची करावी? एका ओवीपुरती तो खटाटोप व्यर्थ. नित्य शोधणाऱ्याला मात्र तो फळतो. अडचण पाठांची आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये, एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून, निराळा पाठ छापला. ओव्यांची संख्या जुळत नाही, त्यामुळे एका प्रतीची सूची दुसरीवर चालवली की शोध भलत्याच ओवीवर थांबतो. आवृत्तीचे नाव न देता नुसते ओवीक्रमांक देणारे प्रबंध आजही येतात, आणि परीक्षकाला पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचायला बसावे लागते.