चिमणराव ते आबा टिपरे : दूरदर्शनच्या एका नटाचे लेखक होणे

१/ दिलीप प्रभावळकर आज बहुतेकांना नट म्हणून ठाऊक आहेत. 'चौकट राजा' (१९९१) मधील नंदू आणि 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधील गांधीजी या त्यांच्या भूमिका सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्यातील लेखकाकडे पाहिले, तर मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीस वर्षांविषयीचा एक प्रश्न उभा राहतो. पडद्यावरचा मराठी मध्यमवर्ग मुळात कोण लिहीत होते? आजचा धागा त्याविषयी.

२/ मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी आणि कृष्णधवल चित्र. या नव्या माध्यमाला कथा हव्या होत्या. त्या जवळच्या आणि वाचकमान्य भांडारातून, म्हणजे मराठी साहित्यातून आणि रंगभूमीवरून आल्या.

३/ चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यात पाली भाषेचे प्राध्यापक होते. त्यांनी भित्रा, संसारी चिमणराव आणि धिप्पाड, आडदांड गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. 'लग्न पहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी ती गाजवली होती.

४/ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच जोडी मुंबई दूरदर्शनवर आली. दिग्दर्शिका विजया धुमाळे, गुंड्याभाऊ बाळ कर्वे आणि चिमणराव दिलीप प्रभावळकर. तेव्हा प्रभावळकरांनी नुकतीच तिशी ओलांडली होती. या भूमिकेने त्यांना घराघरांत पोहोचवले. मात्र ते जगत होते तो संसार स्वातंत्र्यपूर्व काळातला आणि दुसऱ्याने लिहिलेला होता.

५/ त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग होत्या. जुने चित्रण पुसून त्याच फितीवर नवे करणे ही रूढ पद्धत होती. बीबीसीनेही 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग असेच पुसले. 'चिमणराव'चेही आज मोजकेच भाग पाहायला मिळतात. चिं. विं.चे पुस्तक मात्र ग्रंथालयात सहज सापडते.

६/ पुढे प्रभावळकर स्वतःच पात्रे लिहू लागले. 'हसवाफसवी' हे नाटक त्यांनी लिहिले आणि त्यातील सहा भूमिकाही स्वतः केल्या. जुन्या संगीत रंगभूमीवरचे वृद्ध गायक-नट कृष्णराव हेरंबकर हे त्यांपैकीच एक. मुलांसाठी लिहिलेला 'बोक्या सातबंडे' आकाशवाणीवरून पुस्तकात आणि २००९ मध्ये चित्रपटात गेला.

७/ १९९० च्या दशकात 'लोकसत्ता'त त्यांचे 'अनुदिनी' हे सदर आले. टिपरे कुटुंबातील माणसांच्या रोजनिश्या असे त्याचे रूप होते. घर एकच, पण प्रत्येक पिढीला ते निराळे दिसते. आपल्या महाजालाच्या पिढीने पुढे ब्लॉगसाठी हाच 'अनुदिनी' शब्द स्वीकारला.

८/ १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' ही खासगी वाहिनी आली. २००१ मध्ये तिच्यावर 'अनुदिनी'वरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक केदार शिंदे. घरातले वडीलधारे आबा साकारले प्रभावळकरांनीच. आता ते स्वतः निर्माण केलेल्या माणसात वावरत होते.

९/ या दोन मालिकांमध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. दोन्हींचा उगम छापील पानातच आहे. मराठी पडद्यावरचा कौटुंबिक विनोद दीर्घकाळ वाचनसंस्कृतीच्या आधाराने उभा राहिला, हे यातून दिसते. दुसरी गोष्ट साधनांची. नटाची कला फितीबरोबर पुसली जाऊ शकते. तिच्यातले निरीक्षण कागदावर उतरले, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती काहीतरी लागते.

१०/ 'चिमणराव' पाहिलेली पिढी आज साठीच्या पुढे आहे. बोळिंज-विरारपासून नागपूरपर्यंत आपण कुठेही राहत असाल, घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा. संच कोणाच्या घरी होता? किती माणसे जमत? कोणत्या प्रसंगाला हशा पिकत असे? त्यांचे शब्द तारखेसह लिहून ठेवा. पुसलेली फीत त्याने परत येणार नाही, पण ती पाहताना लोक कशाला हसले याची नोंद तरी उरेल.