जवळ म्हणजे किती जवळ?

मंडळी, एका बाकावर दोन मुलं बसलीत. एकाच्या मोबाईलमधली क्लिप दुसऱ्याला हवी आहे. ती आधी टॉवरला जाते, तिथून कुठल्याशा दूरच्या सर्व्हरला, आणि वळसा घालून परत त्याच बाकावर येते. वैशेषिकांनी गुणांच्या यादीत ‘परत्व’ आणि ‘अपरत्व’, म्हणजे दूरपणा आणि जवळपणा, धरले आहेत. त्यांना हा प्रकार समजावताना माझी तरी भंबेरी उडाली असती!

हा वळसा टाळण्याची खटपट तीसेक वर्षांची आहे. १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड गावी, एरिक्सन कंपनीत, याप हार्टसेन यांनी तारेविना उपकरणं जोडण्याचं काम हाती घेतलं. पुढे त्याला दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजावरून ‘ब्लूटूथ’ नाव मिळालं. ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत ते चालतं. पण सुरुवातीच्या वेगाने ७०० एमबीचा चित्रपट पाठवायला दोन तासांहून जास्त लागले असते. आणि चालू चित्र दाखवायचं तर आणखी पंचाईत. फाईल उशिरा पोचली तरी चालते. प्रवाहातलं चित्र वेळ टळल्यावर आलं तर काय उपयोग?

२०१० मध्ये ‘वाय-फाय डायरेक्ट’ आलं, २०१२ मध्ये त्यावर बेतलेलं ‘मिराकास्ट’. पडद्यावरचं चालू चित्र थेट शेजारच्या टीव्हीवर. गंमत बघा, या ‘थेट’ जोडणीतही एका उपकरणाला यजमान व्हावं लागतं. बाकीचे त्याचे पाहुणे. निव्वळ बरोबरी इथेही नाही.

आपल्याकडे डेटा महाग होता तेव्हा पोरं ‘शेअरइट’, ‘झेंडर’वरून चित्रपटांची देवघेव करत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गरजच ओसरली. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. टिकटॉकसाठी केवढा गळा काढला गेला. यांच्यासाठी फारसं कुणी हळहळलं नाही. मला मात्र ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कारण नेटवर्क कोलमडलं की शेजाऱ्यापर्यंत पोचायची वाट कोणती? हाँगकाँगमध्ये २०१४ च्या आंदोलनात लोकांनी ‘फायरचॅट’ उघडलं. व्हिडिओ नाही हो, साधे निरोप; या फोनवरून त्या फोनवर, गर्दीतून पुढे सरकणारे. फक्त तिथल्या गप्पांच्या खोल्या खुल्या होत्या. शेजारी उभ्या पोलिसालाही तेच निरोप वाचता येत होते.